जाणणे आणि नमणे

इनुइट लोकांच्या भाषेत ‘सिला’ असा एक शब्द आहे. हवा, हवामान, बाहेरचे सारे जग आणि माणसाची समज, हे सर्व त्या एकाच शब्दात येते. ‘प्राण’ म्हणताना वारा आणि चैतन्य या दोन्हींचे स्मरण करणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

अशा जाणिवेला विज्ञानाने बराच काळ ज्ञान मानले नाही. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने अलास्कातील इनुपियाट (हेही इनुइटच) लोकांच्या बोहेड व्हेलच्या शिकारीवर बंदी घातली. व्हेल फार थोडे उरले आहेत, असा शास्त्रज्ञांचा हिशेब होता. कारण ते फक्त मोकळ्या पाण्यात दिसणारे व्हेल मोजत होते. शिकारी सांगत होते की हे प्राणी बर्फाखालूनही जातात आणि डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात. पुढे पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले, तेव्हा बर्फाखालून जाणाऱ्यांचे आवाज ऐकू आले. संख्या अंदाजाच्या कितीतरी पट निघाली. शिकारीचा उल्लेख आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही, हे मी समजू शकतो. पण जिथे शेतीच होत नाही, तिथे पोट समुद्रावर चालते आणि माणूस त्या समुद्राकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो.

तेव्हा नमते घेणे शास्त्रज्ञांच्या वाट्याला आले. आज ती पाळी गावातल्या वडीलधाऱ्यांवरही आली आहे. हवामान ओळखीचे राहिले नाही, यासाठी बॅफिन बेटावरचे लोक एक शब्द वापरतात: ‘उग्गियानाक्तुक’. जुना मित्र अचानक परक्यासारखा वागू लागावा, तसे. हार्पून टोचून बर्फाचा भरवसा सांगणारा हात आता चुकू शकतो. २००९-१० च्या हिवाळ्यात लॅब्राडोरच्या नेन गावाजवळ बर्फ नीट धरलाच नाही. त्या अनुभवातून ‘स्मार्टआइस’ हा उपक्रम उभा राहिला. घसरगाडीमागे ओढायचे यंत्र बर्फाची जाडी मोजते. यंत्र चालवतात गावचीच माणसे आणि कोणत्या वाटा मोजायच्या ते जाणते शिकारी ठरवतात. कोणीही आपले ज्ञान सोडले नाही. सोडला तो ‘मलाच कळते’ हा हट्ट, आणि तो सोडणे किती अवघड असते हे प्रत्येक साधकाला ठाऊक आहे.

मात्र यंत्र पातळ बर्फ दाखवू शकते, जाड करू शकत नाही. तो वितळवणारा धूर त्या गावांचा नाही. २००५ मध्ये शीला वॉट-क्लूतिए यांनी इतर इनुइटांसह अमेरिकेच्या प्रदूषणाविरुद्ध आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे अर्ज केला. आयोगाने तो पुढे नेला नाही. नंतर त्यांनी आपल्या पुस्तकाला नाव दिले, ‘थंड राहण्याचा हक्क’.