अथेनाचे देवस्व

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या पूर्व दर्शनी भागावरील त्रिकोणी कोंदणात अथेना देवीच्या जन्माचा प्रसंग दाखविणाऱ्या ज्या मूर्ती इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात बसविण्यात आल्या, त्यांच्या पाठीही शिल्पकारांनी पुढच्या अंगाइतक्याच आस्थेने घडविल्या आहेत. मूर्ती एकदा वर चढली आणि तिची पाठ मागच्या भिंतीकडे झाली, की त्या पाठीवरच्या वस्त्राच्या चुण्या आणि स्नायूंचे उंचसखल वळण पुन्हा कोणाही मर्त्य माणसाच्या दृष्टीस पडावयाचे नाही, हे त्या कारागिरांस ठाऊक नव्हते असे नव्हे. आणि तरीही त्यांची छिन्नी तेथवर जाऊन पोहोचली. याची लौकिक कारणे सांगता येतील. मोठ्या कारखान्याची शिस्त असेल, सहकाऱ्यांची चढाओढ असेल, सर्व कामावर देखरेख करणाऱ्या फिडियासची करडी नजर असेल. परंतु जे काम देवतेला अर्पण करावयाचे त्यात दिसणारा भाग आणि न दिसणारा भाग असा भेद करता येत नाही, ही जाणीव त्या श्रमाच्या मुळाशी मुळीच नव्हती असे मानणे मला तरी कठीण वाटते. आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्या पाठी कोणालाही मागे जाऊन न्याहाळता येतात, आणि तसे न्याहाळताना मन हरखून जाते हे नाकारण्यात अर्थ नाही. एवढेच की, हा आनंद आपल्यासाठी योजिलेला नव्हता.

मंदिराच्या गर्भगृहाभोवती फिरणाऱ्या शिल्पपट्टाची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. सुमारे १६० मीटर लांबीचा हा पट्ट जमिनीपासून सुमारे १२ मीटर उंचीवर, बाहेरच्या स्तंभपंक्तीच्या आड, छताखालच्या अंधुक उजेडात असा बसविला होता की खालून चालणाऱ्याने मान दुखेपर्यंत वर पाहिले तरी खांबाखांबांच्या फटीतून तो तुटक तुटकच दिसावा. त्यावर घोडेस्वार आहेत, बळीसाठी नेण्यात येणारी गुरे आहेत, घागरी खांद्यावर घेतलेले तरुण आहेत, वादक आहेत, आणि ही सारी मिरवणूक मंदिराच्या दोन्ही अंगांनी पुढे सरकत पूर्वेला येते, तेथे एक प्रौढ पुरुष आणि एक बालक मिळून एका वस्त्राची घडी हाताळीत आहेत. अथेनाच्या उत्सवात अथेन्सच्या स्त्रिया देवीसाठी जे वस्त्र विणीत तेच हे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दोहो बाजूंना देव निवांत बसले आहेत. या मिरवणुकीची आजची अवस्था अशी: वस्त्राची घडी लंडनला, देवीच्या त्या उत्सवात चाललेल्या कुमारिकांची एक ओळ पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात, बसलेल्या देवांपैकी पोसायडन, अपोलो आणि आर्टेमिस अथेन्सला. पश्चिमेकडील कोंदणातल्या दुसऱ्या एका पोसायडनच्या वाट्याला तर याहून चमत्कारिक विभागणी आली आहे, कारण त्याच्या छातीचा पुढचा भाग अथेन्समध्ये आणि खांदे लंडनमध्ये आहेत.

हे कसे घडले याची हकीकत अनेकांनी लिहिली आहे. येथे ती त्रोटक दिली तरी पुरे. लॉर्ड एल्गिन हे इंग्लंडच्या राजाचे वकील म्हणून १७९९ साली ऑटोमन सुलतानाच्या दरबारी गेले. त्या वेळी अथेन्स सुलतानाच्या अमलाखाली होते. १८०१ साली एल्गिन यांच्या माणसांना एक परवाना मिळाला, त्याची मूळ प्रत कधी पुढे आलेली नाही, केवळ एक इटालियन तर्जुमा उपलब्ध आहे. आणि परांची बांधणे, रेखाटने करणे, साचे घेणे व काही पाषाण उचलून नेणे या सवलतींत उभ्या इमारतीवरून शिल्पे कापून काढण्याचा समावेश होता किंवा नाही, यावर वकीलमंडळींचा वाद दोनशे वर्षे चालू आहे. वजन हलके व्हावे म्हणून कित्येक शिळांचे मागचे भाग करवतीने कापून टाकण्यात आले. माल घेऊन निघालेले ‘मेंटॉर’ नावाचे जहाज १८०२ साली किथेरा बेटापाशी बुडाले आणि पाणबुड्यांकरवी पाषाण वर काढावे लागले. पुढे कर्जबाजारी झालेल्या एल्गिन यांच्याकडून १८१६ साली ब्रिटिश पार्लमेंटने हा सारा संग्रह ३५,००० पौंडांना विकत घेतला. मौज अशी की, ज्या राज्याने परवाना दिला म्हणून सांगतात त्याच्या वारसाने, म्हणजे तुर्कस्तानच्या प्रतिनिधीने, २०२४ साली युनेस्कोच्या बैठकीत अशा व्यवहाराला कायदेशीर ठरविणारा कोणताही दस्तऐवज आपणांस माहीत नसल्याचे सांगितले.

दोन्ही पक्षांचे नेहमीचे युक्तिवाद वाचले म्हणजे एखाद्या वतनाच्या तंट्यातील कैफियती चाळल्यासारखे होते. एक पक्ष म्हणतो, आम्ही यांचे रक्षण केले. दुसरा म्हणतो, तुम्ही १९३७-३८ साली ते पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी घासले. एक म्हणतो, अथेन्सच्या धुराने वर राहिलेल्या शिल्पांचे चेहरे खाऊन टाकले. दुसरा म्हणतो, आता आमच्याकडे उत्तम संग्रहालय आहे. एक जगाच्या संस्कृतीचे नाव घेतो, दुसरा राष्ट्राच्या आत्म्याचे. या सर्व कैफियतींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की हे पाषाण कोणाच्या तरी मालकीचे असलेच पाहिजेत, आणि तो मालक लंडनमध्ये आहे की अथेन्समध्ये एवढाच काय तो निवाडा उरला आहे. माझा आक्षेप या गृहीतावर आहे. जी वस्तू देवतेला अर्पण झाली तिच्यावर अर्पण करणाऱ्याचीही सत्ता उरत नाही, मग त्याला जिंकणाऱ्याची कोठून येणार?

हा विचार आपल्याकडे धर्मशास्त्रांतच राहिला नाही, तो न्यायालयांतही रुजला. देवस्व हे देवाचे. पुजारी, वहिवाटदार, पंच हे त्याचे मुखत्यार, मालक नव्हेत. या तत्त्वाची गाठ खुद्द इंग्लंडच्या न्यायासनाशी एकदा पडली. तमिळनाडूच्या तंजावर भागात पत्तूर नावाचे गाव आहे. तेथील एका पडक्या शिवालयाच्या आवारात १९७६ साली एका मजुराला जमिनीत पुरलेला पंचधातूचा नटराज सापडला, तो हातोहात विकला जाऊन लंडनला पोहोचला, १९८२ साली कॅनडातील एका कंपनीने तो विकत घेतला, आणि निगेसाठी तो ब्रिटिश म्युझियममध्ये दिलेला असताना पोलिसांनी तो तेथूनच जप्त केला. खटल्यात वादींच्या यादीत भारत सरकार होते तसे ते पडके देऊळही होते, आणि त्याच जागी मिळालेले शिवलिंगही होते. शेकडो वर्षे जेथे दिवा लागला नाही असे ते देवालय दावा लावू शकते काय, या प्रश्नाला १९८८ साली न्यायाधीशांनी आणि १९९१ साली अपील न्यायालयाने होकारार्थी उत्तर दिले. ज्याने बाराव्या शतकात ते देऊळ उभारले त्याचा धर्मसंकल्प देवळाच्या भिंती ढासळल्या म्हणून ढासळत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. कायद्याचा काटेकोर विचार केला तर हा न्याय अथेनाला लागू होत नाही हे खरे, कारण भारतीय कायदा देवालयाला व्यक्ती मानतो म्हणून इंग्लंडच्या न्यायालयाने ते मानले, आणि ग्रीसच्या कायद्यात अथेनाला तसे स्थान नाही. पण मी येथे कोर्टाची पायरी चढत नाही. संकल्प टिकतो, हा विचार एकदा बुद्धीला पटला की तो कावेरीच्या काठीच थांबावा असे म्हणावयास आधार सापडत नाही.

तथापि एक आक्षेप आपल्याच घरातून येतो आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खंडित मूर्ती पूजेस अयोग्य, तिच्यातील देवत्व निघून गेले, तिचे विसर्जन करावे, असे आपली शास्त्रेच सांगतात. मग हात-पाय-मस्तक गमावलेल्या या मूर्तींत उरले काय? शिवाय पार्थेनॉन सुमारे नऊशे वर्षे अथेनाचे देवालय होते, पुढे जवळजवळ तितकीच वर्षे ते ख्रिस्ती चर्च होते, पंधराव्या शतकात ते मशीद झाले आणि १६८७ साली व्हेनिसच्या तोफांमुळे आतला दारूसाठा उडून मधोमध फुटले. चर्च करताना पूर्वेला नवे बांधकाम काढले गेले, त्यात त्या कोंदणाचा मध्यभाग नाहीसा झाला. जन्माच्या प्रसंगातून जन्मलेली देवी आणि तिचा पिता, दोघेही गेले.

याला माझे उत्तर असे आहे की, हे पाषाण पूजेच्या मूर्ती कधीच नव्हते. ज्या मूर्तीला वस्त्र नेसवीत ती ऑलिव्हच्या लाकडाची प्राचीन मूर्ती निराळी होती. फिडियासने सोने आणि हस्तिदंत यांची घडविलेली भव्य अथेना निराळी होती. त्या दोन्ही काळाच्या उदरात गेल्या. जे शिल्लक आहे ते देवालयाचे शरीर आहे. आपल्या शिल्पशास्त्राने प्रासादाला पुरुषच कल्पिले आणि त्याच्या भागांना जंघा, स्कंध, ग्रीवा अशी नावे दिली. त्या दृष्टीने पाहिले तर लंडनमध्ये आहेत त्या मूर्ती नव्हेत, अवयव आहेत. आणि प्राण गेलेल्या शरीरावरसुद्धा कोणाची मालकी नसते. त्याच्या उत्तरक्रियेचा अधिकार आप्तांना असतो, पण तो अधिकार म्हणजे केवळ कर्तव्य होय. प्रेताचा एखादा अवयव आपण अधिक चांगला जतन करू म्हणून शेजाऱ्याने तो स्वतःपाशी ठेवावा हे कोणासही रुचणार नाही. पार्थेनॉनचे उरलेले शरीर तर आजही अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवर उभे आहे.

स्थळाला एवढे महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील. देव तर स्थलांतर करतात. गोमंतकाचा इतिहास याची साक्ष देईल. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवालये पाडण्यास आरंभ केला तेव्हा कुशस्थळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळास आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, आणि आज त्यांना मूळ जागी परत नेण्याचा हट्ट कोणी धरीत नाही, कारण भक्तांनीच त्यांना डोक्यावर घेऊन नेले व जेथे भक्त स्थिरावले तेथे देवही स्थिरावला. ज्यांचा संकल्प होता त्यांनीच तो नव्या जागी पुन्हा उच्चारला, म्हणून तेथे जुन्या जागेचा हक्क सुखाने संपला. एल्गिन यांची माणसे भक्त नव्हती. त्यांनी अथेनाला वाचविले असे म्हणणारे हे विसरतात की नवी प्रतिष्ठापना कोठे झालीच नाही. जुना संकल्प मोडला आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही. सभ्य, शांत, विनामूल्य खुले असे दालन आहे, परंतु दालन म्हणजे संकल्प नव्हे.

अथेन्सकरांचा मूळ संकल्प तरी कोठे निर्मळ होता, असे विचारणाऱ्याला मात्र मी गप्प करू शकणार नाही. इराणच्या धास्तीने एकत्र आलेल्या ग्रीक नगरांचा सामाईक खजिना इसवी सनापूर्वी ४५४ मध्ये डेलॉस बेटावरून अथेन्सला आणण्यात आला आणि मित्रांच्या खंडणीतून अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस आपले नगर सजवीत आहे, असा ओरडा त्या काळच्या त्याच्या विरोधकांनीच केल्याचे प्लुटार्कने नमूद केले आहे. देवळे बहुधा अशीच उभी राहतात. दान देणाऱ्याचे हात स्वच्छ नसले म्हणून दान घेणारी देवता दोषी ठरत नाही.

अर्पण कोणाकडे परत करावयाचे, याचे एक मजेदार उदाहरण नुकतेच घडले. व्हॅटिकनच्या संग्रहात पार्थेनॉनची तीन शकले होती: एका घोड्याचे मस्तक, एका मुलाचे, एका दाढीवाल्या पुरुषाचे. पोप फ्रान्सिस यांनी ती परत करण्याचे ठरविले आणि मार्च २०२३ मध्ये ती अथेन्सला पोहोचली; पण ती दिली ग्रीक राज्याला नव्हे, तर अथेन्सच्या आर्चबिशपांना, दोन ख्रिस्ती संप्रदायांतील सलोख्याचे चिन्ह म्हणून. ज्या धर्माने अथेनाला तिच्या घरातून काढले त्याच्याच एका शाखेने दुसऱ्या शाखेच्या स्वाधीन तिचा घोडा केला. याची थट्टा करणे सोपे आहे. मला त्यात शहाणपण दिसते, कारण देणाऱ्याने मालकीचा शब्दच तोंडातून काढला नाही. लंडनची अडचण नेमकी तेथे आहे: १९६३ च्या कायद्याने संग्रहालयाचे विश्वस्त वस्तू देऊन टाकू शकत नाहीत, उसनवार देऊ म्हणतात, आणि उसने घेतले तर लंडनची मालकी कबूल केल्यासारखे होईल म्हणून अथेन्स ते घेत नाही. उभय पक्षांनी आपण मुखत्यार आहोत एवढे मान्य केले तर हा पेच सुटेल असे मला वाटते, पण मुखत्याराला मालकापेक्षा अधिक जाब द्यावा लागतो, आणि तो अथेन्सलाही चुकणार नाही.

परत आलेले पाषाण देवालयावर चढणार नाहीत, ते टेकडीच्या पायथ्याशी २००९ साली उघडलेल्या संग्रहालयात जातील. तेथील सर्वांत वरचे दालन पार्थेनॉनच्या दिशेला समांतर फिरविलेले आहे, खिडकीतून देऊळ दिसते, आणि नसलेल्या शिल्पांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती लावल्या आहेत. जीर्णोद्धार चालू असता मूर्ती ज्या तात्पुरत्या बालालयात ठेवतात त्याच्याशी या दालनाचे नाते जोडता येईल. पण बालालयात ठेवणाऱ्याने मूळ जागी परत नेण्याची इच्छा सोडलेली नसते, आणि येथे ती इच्छा कोणी बोलून दाखवीत नाही. अथेनाचा एकही उपासक उरला नाही म्हणून हे चालते, असे म्हणावे, तर तेही पूर्ण खरे नाही. प्राचीन देवतांना भजणारे थोडे लोक ग्रीसमध्ये आहेत, आणि २००८ साली त्यांच्यापैकी काहीजणांनी ॲक्रोपोलिसवर जमून देवीची प्रार्थना केली, ती लंडनविरुद्ध नव्हती. टेकडीवरची शिल्पे खाली नव्या संग्रहालयात नेऊ नयेत, ती देवीची आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. भूकंप, आम्लपर्जन्य, वाहनांचा धूर या कारणांस्तव शिल्पे छपराखाली असावीत हे मी मान्य करतो. तरीही लंडनला विचारण्यात येणारा प्रश्नच त्या मूठभर माणसांनी अथेन्सला विचारला होता, आणि त्याचे उत्तर देण्याचे दायित्व पाषाण परत आले तरी ग्रीक सरकारावर राहील.