आमचे कोण ऐकतो?

फोंड्याजवळील केरी गावच्या केसरबाई केरकरांनी आपल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच होऊ दिल्या. त्यांतील एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, आणि आज ती कोणीही खिशातल्या फोनवर ऐकू शकतो. मग गुरूपाशी बसण्याचे प्रयोजन काय उरले, असे तरुण मंडळी आम्हांस विचारतात. प्रश्न उद्धटपणाचा नाही. त्याचे उत्तर देणे आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मुखोद्गत विद्येच्या काळाचे गोडवे आम्ही फार गातो; परंतु त्या साखळीबाहेर किती जण तिष्ठत उभे राहिले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पंडित भातखंड्यांनी घराण्यांतून जपून ठेवलेल्या बंदिशी खटपटीने मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या, तेव्हा बंद दाराची कडी निघाली. ग्वाल्हेरीस १९१८ साली निघालेल्या संगीत विद्यालयामागेही त्यांचेच परिश्रम होते. हे विसरून ग्रंथांस नावे ठेवणे म्हणजे कृतघ्नपणा होय.

आम्हीही त्याच पुस्तकांवरून यमन घोटला, ध्वनिमुद्रिका ऐकून तो घासूनपुसून घेतला. आमच्या मते तो चांगला जमला होता! एका वृद्ध गायिकेने चार आवर्तने ऐकली व शांतपणे विचारले, “निषाद उतरतो आहे. तुम्हांला ऐकू येत नाही का?” खरोखरच येत नव्हते. इतकी वर्षे आम्ही सर्वांचे ऐकत होतो. आमचे मात्र कोणीच ऐकत नव्हते. माहितीचा साठा वाढला म्हणून ही उणीव भरून निघत नाही. किंबहुना ती झाकली जाते, कारण भरपूर ऐकल्याचे समाधान मनास गाफील करते.

यातून निराळाच प्रश्न उभा राहतो, आणि तो जाणत्यांना आहे. केसरबाईंनी शिष्या म्हणून काय त्या एकट्या धोंडूताई कुलकर्णींना तयार केले. कलावंताचा तो अधिकार आम्ही मानतो. परंतु चीज आता लपवून ठेवता येत नाही. हात आखडता घेता येतो तो केवळ आपल्या कानाचा आणि वेळेचा. धोंडूताईंनी पुढे मुंबईत शिकवण्या केल्या, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

त्या गायिकेने आमच्याकडून बिदागी घेतली नाही. आज शेजारची मुलगी दाराशी येऊन “जरा ऐकता का?” म्हणते, तेव्हा ‘आता वेळ नाही’ हेच शब्द आमच्या ओठांवर प्रथम येतात.