उघड करावे ते कोणासाठी?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. झाकलेले सारे एके दिवशी उघड होईल, अशी ग्वाही शुभवर्तमान देते. गुपित राखणे हा सद्गुण, तर सत्य प्रकट करणे हे कर्तव्य! मग या दोहोंमधली सीमारेषा कोठे ओढावी?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला वाशीमचा ताम्रपट आठवतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजा दुसरा विंध्यशक्ती याचा हा ताम्रपट १९३९ साली उजेडात आला आणि या स्वतंत्र शाखेची ओळख इतिहासाला पटली. इतिहासकारांच्या दृष्टीने प्रकटन ते हेच. परंतु आम्हाला त्यातील एक बारकावा अधिक मोलाचा वाटतो. राजवंशाची थोरवी त्यात संस्कृतात कोरलेली आहे. गावाच्या दानाचा आणि त्यासोबतच्या सवलतींचा तपशील मात्र प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीला अधिक जवळच्या भाषेत आहे. असे पत्र दान घेणाऱ्याच्या हाती राही. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने हक्क नाकारला, तर ते त्याच्यापुढे धरता येई. ज्याचा हक्क, त्याच्या हाती पुरावा!

माहितीच्या अधिकाराचा जो कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून देशात पूर्णपणे अमलात आला, त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. कोणी मागण्याची वाट न पाहता सरकारी कार्यालयांनी माहिती आपणहून जाहीर करावी आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असे त्याचे चौथे कलम सांगते. मात्र काही माहिती राखून ठेवण्याची मुभा आठवे कलम देते. म्हणजे प्रकटनाच्या कायद्यालाही गुप्ततेचे स्थान मान्य आहे.

आपल्या ख्रिस्तसभेतही हे दोन्ही पदर आहेत. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले पाप धर्मगुरूने कदापि उघड करता कामा नये. याउलट, लैंगिक शोषणाच्या प्रकरणांना लागू असलेली ‘परमधर्मपीठीय गुप्तता’ पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये रद्द केली. पापनिवेदनाची गुप्तता मात्र अबाधित राहिली. यात विसंगती नाही. पहिली गुप्तता पश्चात्तापाने आलेल्या दुबळ्या माणसाला आसरा देते. दुसरीच्या आडोशाला बलवान लपू शकत होता आणि पीडिताला न्याय दुरावत होता.

म्हणून ‘हे खरे आहे काय?’ एवढेच विचारून भागत नाही. हे झाकल्याने कोणाचे रक्षण होते आणि उघड केल्याने कोणाला न्याय मिळतो, हेही विचारावे लागते. शेजाऱ्याच्या मुलीचे मोडलेले लग्न, कोणाचा आजार, कोणाचे जुने स्खलन, हे सारे खरे असले तरी चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. विनाकारण दुसऱ्याचा खरा दोष सांगत सुटणे हेही पापच, अशी आपली शिकवण आहे. उलट संस्थेचा हिशेब, भावंडांच्या वाट्याची जमीन, एखाद्या बालकावर झालेला अत्याचार यांविषयी मौन पाळणे म्हणजे कोणाची तरी ठेव दाबून ठेवणे होय.

आपल्या घरात आणि आपल्या धर्मग्रामात आपण काय झाकून ठेवले आहे, आणि ते कोणाच्या भल्यासाठी, याचा शोध आपण सर्वांनीच घ्यावा.