दासाचं नाव

1138 च्या ऑगस्टात उत्तर इंग्लंडमध्ये, नॉर्थॅलर्टन गावाजवळ, स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड इंग्रजांशी लढायला उभा होता. आघाडीला कोणी राहायचं यावरून त्याच्याच छावणीत जुंपली. राजाचा कल चिलखतवाल्या नॉर्मन सरदारांकडे. तेव्हा स्ट्रॅथअर्नचा अर्ल उसळून म्हणाला, की अंगावर चिलखत नसताना मी जिथवर जाईन, तिथवर या लोखंडात मढलेल्यांपैकी एकही आज पोचणार नाही. रिव्हो मठाचा महंत एल्रेड यानं ही बाचाबाची लिहून ठेवली आहे. लढाई स्कॉट हरले, ते सोडा. या उघड्या अंगाच्या सरदाराचं नाव होतं मालीस. अर्थ : येशूपायी डोकं भादरलेला.

आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेत ‘माएल’ म्हणजे बोडका, मुंडन केलेला. त्याच्यापुढं संताचं नाव जोडलं की माणसाचं नाव तयार. माएल कोलुम म्हणजे संत कोलंबाचा मुंडित दास, माएल पात्रिक पॅट्रिकचा, माएल ब्रिग्ते ब्रिजिटचा, माएल मुइरे मरियमचा, आणि माएल ईसू येशूचा. या माएल ईसूचंच घासून घासून मालीस झालं. दासपणाचा हा साचा ख्रिस्ती धर्माच्याही आधीचा दिसतो, कारण आयर्लंडमधल्या मन्स्टरच्या पुराणकथेतल्या एका राजाचं नाव मुग नुआदात आहे, म्हणजे नुआदू देवाचा गुलाम. पुढं साधूंचं मुंडन आलं आणि गुलामाच्या जागी बोडका बसला. ते मुंडनही साधं नव्हतं. आयरिश साधू डोक्याचा पुढचा भाग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत भादरायचे, रोमवाले टाळूवर गोल. यावरून आणि ईस्टरच्या तारखेवरून इतका वाद पेटला की 664 मध्ये व्हिटबीला धर्मसभा भरवावी लागली. रोमची बाजू जिंकली. कोलंबानं 563 मध्ये वसवलेल्या आयोना बेटावरच्या साधूंनी तरीही आपली तऱ्हा आणखी पन्नासेक वर्षं सोडली नाही. गंध उभं लावायचं की आडवं यावरून आपल्याकडे डोकी फुटली आहेत, तेव्हा आपण हसायचं कारण नाही.

डोक्याची तऱ्हा बदलली, नावं मात्र राहिली. आणि ती साधूंपुरती राहिली नाहीत. राजे, सरदार, लुटारू, कवी, सगळ्यांची नावं बोडकी. स्कॉटांचा राजा केनेथ मॅकअल्पिन याची मुलगी, आयर्लंडच्या दोन राजांची राणी, 913 मध्ये वारली. तिचं नाव माएल मुइरे. मुलीला ‘मरियमची बोडकी’ म्हणून हाक मारताना त्या घरात कुणाला काही वाटत नसणार. स्कॉटलंडच्या मोरे प्रांतातल्या एका माएल ब्रिग्तेची कथा तर ऑर्कनीच्या सागांत आहे. त्याचा एक दात पुढं आलेला. ऑर्कनीच्या सिगुर्डनं त्याला मारून मुंडकं खोगिराला बांधलं, घोड्यावर दौडताना तो दात सिगुर्डच्या पोटरीत घुसला, जखम चिघळली आणि विजयी वीर मेला. संत ब्रिजिटच्या दासानं मेल्यावर सूड घेतला तो असा.

मला यातला सगळ्यात जवळचा वाटतो तो क्लॉनमॅक्नॉइजच्या मठातला लेखनिक. ‘पिंगट गाईचं पुस्तक’ म्हणून ओळखलं जाणारं जुनं आयरिश हस्तलिखित डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे. ते लिहिणाऱ्यांपैकी एक माएल मुइरे. हे आपल्याला कळतं कशावरून, तर त्यानं नवं टोक केलेली लेखणी चालते की नाही हे बघायला पानावर स्वतःचं नाव गिरवलं म्हणून. आम्ही शाळेत बोरूला नवं टोक काढल्यावर हेच करायचो, फळ्याकडे पाठ करून. 1106 मध्ये लुटारूंनी त्याला मठाच्या दगडी चर्चमध्येच ठार मारलं. मरियमचं नाव त्याच्या नावात होतं म्हणून कुणी हात आवरला नाही.

आता ज्यासाठी हे सगळं मी शोधत बसले ते सांगते. माझी लेक स्कॉटलंडमधल्या पर्थला असते, अर्न नदीच्या खोऱ्यापासून जवळच. जावई तिथलाच. त्याच्या आजोबांच्या ग्रॅहम घराण्यात मालीस हे नाव अधूनमधून ठेवत आले आहेत, आणि आता आमच्या नातवासाठी त्यानं तेच काढलं. स्कॉटलंडचं सरकार दरवर्षी मुलांच्या नावांची यादी छापतं, तिच्या वरच्या शंभरात मालीस कुठं नाही. वॉल्टर स्कॉटनं 1810 च्या ‘द लेडी ऑफ द लेक’मध्ये जळता क्रूस घेऊन धावणाऱ्या माणसाला हे नाव दिलं, तरी ते काही पसरलं नाही. तान्ह्या बाळाच्या घरात मराठी आजीनं मालीस म्हटलं की तेलाची वाटी पुढं येते, हा त्रास वेगळाच. नावाचा अर्थ सांगताना जावई जरा चाचरला. वारकऱ्याच्या घरातली सासू येशूच्या दासाला पाळण्यात कशी घालते, ही त्याला काळजी.

माझ्या मनात ती काळजी नव्हती. मला पडलेला प्रश्न निराळा होता : देवाचं नाव माणसाला द्यावंच का?

आपल्याकडे याचं उत्तर इतकं ठरलेलं आहे की प्रश्न कुणी विचारतच नाही. द्यावं, भरपूर द्यावं. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ जन्मभर नाही ते धंदे करतो, मरताना धाकट्या मुलाला ‘नारायणा’ म्हणून हाक मारतो आणि विष्णुदूत धावत येतात. म्हणून घरोघरी नारायण, विठ्ठल, पांडुरंग. मुलाला जेवायला बोलावलं तरी जप घडतो. ही सोय मला लहानपणापासून थोडी व्यापारी वाटते. आणि घरात जे पाहिलं त्यानंतर तर ती फुकटची आहे असंही वाटत नाही.

आमच्या वाईच्या घरात आजोबांचं नाव पांडुरंग. आजी पक्की माळकरीण, एकादशी कधी चुकवली नाही. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत. मग भजनात ‘पांडुरंग’ आला की तिचे ओठ मिटायचे, टाळ चालूच. पुढच्या ओळीला ती पुन्हा सुरात. कधी विठोबा म्हणून वेळ मारून न्यायची, चालीत बसत नसलं तरी. उखाण्यात तेवढं ते नाव तिच्या तोंडून ऐकलंय, तेही नवऱ्याचं म्हणून. ज्या देवासाठी तिनं गळ्यात माळ घातली, त्याचं नाव तिला मोकळेपणानं घेता आलं नाही, कारण ते नाव एका माणसानं अडवून ठेवलं होतं. आजोबा देवमाणूस होते. पण देव नव्हते.

म्हणून आयर्लंडमधली एक रीत वाचली तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. आयरिशमध्ये ‘मुइरे’ हे नाव येशूच्या आईचं, आणि फक्त तिचं. पोटच्या मुलीला ते द्यायचं नाही. फार तर मुलीला किंवा मुलाला तिचा बोडका दास म्हणावं, नाही तर ‘गिल्ला मुइरे’, तिचा चाकर. गिलमोर हे आडनाव त्यातलंच. पुढं नॉर्मन लोकांबरोबर मरियमचं फ्रेंच रूप ‘मरी’ आलं, त्यावरून ‘मॉइरे’ झालं, आणि ते मात्र घरोघरच्या लेकींना दिलं, इतकं की एका काळी आयर्लंडात हाक मारावी तिकडे मॉइरेच. दोघी मरियमच, पण एका स्वराचं अंतर सगळ्या समाजानं शतकानुशतकं सांभाळलं. स्कॉटलंडच्या गेलिकमध्येही देवमातेची मोइरे वेगळी आणि शेजारणीची माइरी वेगळी. येशूचं तर नावच नको. स्पेनमध्ये हेसूस नावाचे पुरुष रस्त्यात भेटतात, पोर्तुगीजांच्या मागून आपल्या गोव्यातही मेनिनो जेझुस नावाचे आजोबा असतात. गेलिक माणसानं ते धाडस केलं नाही, त्यानं माएल ईसूवर भागवलं.

यात भीती असेल, मान असेल. मला दिसतो तो त्याग. एखादा गोड शब्द सगळ्यांनी मिळून वापरायचा नाही असं ठरवणं आणि तो देवासाठी राखून ठेवणं, हे नैवेद्यापेक्षा अवघड आहे, कारण नैवेद्य आपण नंतर खातो. माझ्या आजीनंही एक शब्द राखला होता. पण तो राखला नवऱ्यासाठी. संयम तोच, दिशा चुकलेली, आणि ती आजीनं निवडलेली नव्हती. देवाचं नाव माणसाला दिलं की त्या माणसाच्या भोवतीचे सगळे मानपान, सोवळंओवळं त्या नावाला चिकटतं. दासाचं नाव दिलं तर देवाचं देवाकडे राहतं. मालीस अर्लची बायको नवऱ्याला हाक मारो न मारो, येशूचं नाव घ्यायला ती मोकळी.

दासाचं नाव ठेवल्यानं माणूस नम्र होतो असं मात्र मी म्हणत नाही. इतिहास उलटच सांगतो. माएल कोलुमचं माल्कम झालं आणि स्कॉटलंडच्या चार राजांनी ते लावलं. त्यातल्या तिसऱ्यानं इंग्लंडवर इतक्या स्वाऱ्या केल्या की शेवटी 1093 मध्ये एका स्वारीतच मेला. हे नाव पुढं आडनाव होऊन आमच्या दारापर्यंत आलं. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी ओलांडली की महाबळेश्वर. तिथल्या बाजारपेठेचं जुन्या कागदांतलं नाव मालकम पेठ, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्यावरून. 1829 मध्ये त्यानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून हा डोंगर घेतला, बदल्यात वाईजवळचं खंडाळा दिलं. लहानपणी मला मालकम हे ‘मालक’चंच काही रूप वाटायचं, आणि साहेबाच्या बाबतीत ते खोटंही नव्हतं. साहेबाच्या आडनावात एका संताचा बोडका दास बसला आहे, हे त्या पेठेतल्या कुठल्या दुकानदाराला ठाऊक असणार? आज तिथं सगळे महाबळेश्वरच म्हणतात. खरं महाबळेश्वर, म्हणजे शंकराचं देऊळ आणि पंचगंगा, पेठेपासून लांब आहे. त्याला आता ‘जुनं’ म्हणावं लागतं, कारण देवाचं नाव पेठेनं घेतलं.

आणखी एक माल्कम मनातून जात नाही. अमेरिकेतला माल्कम लिटल. आपलं आडनाव आजोबा-पणजोबांच्या मालकांचं, गुलामीचा डाग, म्हणून त्यानं ते फेकलं आणि तिथं एक्स लावला. पहिलं नाव ठेवलं. दासपण होतं ते नेमकं त्या ठेवलेल्या नावात. पण ते कुणाचं दासपण? कोलंबा या कवी साधूचं, ज्याला मरून तेराशे वर्षं झाली होती. असलं दासपण माणसाला बांधत नाही, हे त्याच्याकडे बघून पटतं.

लोकांना मात्र हल्ली दास नकोसा झालेला दिसतो. माल्कम आता म्हाताऱ्यांचं नाव झालंय. त्याच माएल कोलुममधला माएल गळून उरलेला कॅलम 2000 च्या आगेमागे स्कॉटलंडच्या पहिल्या दहा नावांत होता. भादरणं गेलं, संत तेवढा राहिला. जावयाला मी म्हटलं, तुम्हीही आमच्यासारखे होत चाललात. तो म्हणाला, म्हणूनच मालीस. शिवाय या नावाचा एक लेखक आहे, मॅलीस रुथवेन, त्यानं आयुष्यभर इस्लामवर लिहिलं. ‘इस्लाम इन द वर्ल्ड’ हे त्याचं पुस्तक 1984 चं. जिथं अब्दुल्ला म्हणजे देवाचा दास हे घरोघरचं नाव, त्या धर्माचा अभ्यास येशूच्या दासानं करावा, हे मला भारी आवडलं.

डनब्लेनच्या कॅथीड्रलमध्ये एका सरदार-सरदारणीची दगडी मूर्ती आहे. तेराव्या शतकातला स्ट्रॅथअर्नचा अर्ल मालीस आणि त्याची बायको, असं मानतात. लेक मला मुद्दाम घेऊन गेली. दोघं शेजारी शेजारी आडवी, दगड इतका झिजलेला की नाकडोळे कुठं ते नीट सांगता येत नाही. हा मालीस बोडकाही नाही आणि चिलखताशिवायही नाही. मी नमस्कार केला. कुणाला, ते विचारू नका. हात जोडायची सवय.

तिकडे जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, त्यामुळे बाराव्या दिवशीच्या बारशापर्यंत सगळं ठरायलाच हवं होतं. पहिलं नाव मालीस, त्यावर कुणाचा वाद राहिला नाही. मधल्या नावाच्या जागी लेकीला पणजोबांचं पांडुरंग हवं होतं. मी नाही म्हटलं. लेक चिडली. आई, तुझ्या आजोबांचं नाव आहे, म्हणाली. म्हटलं, त्यांचं नव्हतंच ते. ठेवायचंच असेल तर पुढं दास लाव. मग जावयाची पंचाईत झाली. कागदावर बघून म्हणतो, दोन धन्यांची चाकरी एकाला करता येत नाही, असं आमच्या शुभवर्तमानात आहे. मी म्हटलं, आमच्या पंढरीच्या विठोबानं डोक्यावर शिवलिंग घेतलंय, तू खुशाल लिही.