पाण्याची वाट

पहाटे साडेपाचला माझा फोन वाजतो. पलीकडे लेक असते. "बाबा, पाणी आलं," एवढंच सांगते आणि बादल्या भरायला पळते. गिरगावातल्या चाळीत ती मावशीकडे राहते. तिथे पाण्याची वेळ ठरलेली. तो फोन आला की आमच्या मोखाड्यातल्या घरी चुलीवर चहा चढतो.

दोन वर्षांपूर्वी ती शिकायला मुंबईला गेली. इथून एसटीने कसारा, पुढे लोकल. पहिल्या महिन्यात ती रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, हे शहर संपतच नाही. कुठून ओळख करून घ्यायची?" मी म्हटलं, "बाळा, सगळं शहर एकदम कवेत घेऊ नकोस. आपल्या ओळखीचं एक काहीतरी शोध आणि त्याचं बोट धरून चाल."

तिने पाण्याचं बोट धरलं. मोखाड्याचं मूल दुसरं काय धरणार? एप्रिल उजाडला की आमच्या पाड्यांवरच्या विहिरींचा तळ दिसू लागतो. बाया आत उतरतात, झऱ्यापाशी उकिडव्या बसतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. गढूळ वाटी आली तर थांबायचं, पाणी निवळू द्यायचं, मग पुन्हा वाटी बुडवायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी आणि समोर चढण. लेकीनेही सुट्टीत हे पाणी वाहिलं आहे. याच डोंगरांवर पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. पण आमचा कातळ तो धरून ठेवत नाही, उतारावरून वैतरणेत सोडून देतो.

ही वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते आणि आमच्या मुलखातून समुद्राकडे जाते. मुंबईसाठी तिला तीन ठिकाणी अडवलं आहे. १९५७ साली मोडक सागर, १९७३ साली अप्पर वैतरणा आणि २०१४ साली कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा. हे शेवटचं धरण १०२ मीटर उंच आहे. विहार, तुळशी, तानसा आणि भातसा धरून असे सात जलाशय मुंबईला रोज ३५० कोटी लिटरांहून जास्त पाणी पाजतात.

वैतरणेचं पाणी भांडुपच्या केंद्रात शुद्ध होतं, हे लेकीने वाचलं होतं. पुढे ते जातं कुठे, ते बघायला ती एका रविवारी मलबार हिलवर गेली. हँगिंग गार्डनमध्ये मुलं खेळत होती, म्हातारी माणसं बाकांवर बसली होती. त्या हिरवळीखाली १८८७ साली बांधलेला जलाशय आहे. पुढच्या रविवारी ती माझगावच्या टेकडीवर गेली. तिथेही वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आणि खाली भंडारवाडा जलाशय. रात्री फोनवर म्हणाली, "बाबा, पाणी इथं बागेखाली मुक्काम करतं आणि पहाटे चाळीत उतरतं." तिच्या आवाजातली भीती त्या दिवशी गेली होती.

मग तिला वस्त्यांची नावं ऐकू येऊ लागली. धोबी तलावाला तलाव नाही. सी. पी. टँकला टँक नाही. गोवालिया टँकच्या जागी मैदान आहे. १९४२ साली 'भारत छोडो'चा ठराव झाला तो तिथेच. चाळीतल्या शेजारच्या आजींनी तिला उलगडून सांगितलं. १८६० साली विहारचं पाणी नळाने आलं. त्याआधी मुंबई विहिरी-तलावांवर जगत होती. नळ आले, तलाव एकेक करून बुजले, नावं तेवढी लोकांच्या तोंडी राहिली. आजींनी मग तिला वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव दाखवला, चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर दाखवली. दोन्हीकडे अजून पाणी आहे. लेक म्हणाली, "म्हणजे इथंही कुणीतरी हंडे वाहिलेच असतील."

ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं आहे. शहराची ओळख म्हणजे रस्ते पाठ होणं, एवढंच मी समजत होतो. पण रस्ता पोस्टमनलाही पाठ असतो आणि पाकीटमारालाही. ओळख तेव्हा होते, जेव्हा तिथल्या माणसांचे कष्ट आपल्या कष्टांच्या शेजारी येऊन बसतात. शहर कुणाच्या पाण्यावर जगतं, कुणाच्या भाजीवर, कुणी रचलेल्या विटांवर, हे कळलं की प्रत्येक वस्तीत आपलं माणूस दिसू लागतं. आणि अशी ओळख पटली की ऋण मान्य करावं लागतं. आमच्या पाड्यावरच्या बाईला वाटीने पाणी भरावं लागू नये, तिच्याही दारात नळ यावा, असं शहरातल्या नळाखाली बादली लावणाऱ्या प्रत्येकाला मनापासून वाटलं पाहिजे. मी हे रागाने म्हणत नाही, आपलेपणाने म्हणतो आहे.

लेकीने आजींना आमच्या विहिरीची गोष्ट सांगितली. आजी ऐकून गप्प राहिल्या. त्यानंतर त्यांच्या दारातलं पिंप कधी ओसंडून वाहिलेलं लेकीने पाहिलं नाही.

आणि गेल्या जूनमध्ये एका पहाटे फोन वाजला तेव्हा पलीकडे लेक नव्हती, आजी होत्या. आयुष्यभर गिरगावात राहिलेल्या त्या बाईने मोखाडा कधी पाहिलेला नाही. त्यांनी विचारलं, "अहो, तुमच्याकडे पाऊस लागला का?"

मी दाराबाहेर बघितलं. डोंगरावर काळोखून आलं होतं. म्हटलं, "आजी, वाऱ्याला मातीचा वास आहे. आज येईल."