चौथे ऋण

माझ्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत तीनशे. रोजगार हमीला पैसा हवा म्हणून १९७५ साली हा कर आला. "आमच्या पैशावर दानधर्म कशाला?" असे स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणतेच. मला ते पटत नाही.

दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. पुण्य त्याला, मान खाली जाते ती घेणाऱ्याची. देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे आपल्याला ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे: माणसांचे. ऋण फेडणाऱ्याने उपकाराचा तोरा कशाला मिरवावा?

१९७२च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधलेली. शेजारणीने दिलेले वाटीभर पीठ परत करेपर्यंत तिला चैन नसे. मजुरी मात्र ती ताठ मानेने मोजून घ्यायची. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेचा पुढे कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. काम मागितले की पंधरा दिवसांत द्यायचे, नाहीतर भत्ता. मागणाऱ्याला हक्क मिळाला.

एक गोष्ट मला अजून छळते. माझ्या आंधळ्या मावशीला हातोडा पेलला नसता. मान घामावरच ठरणार असेल, तर तिचे काय? ऋण माणसाचे आहे, मजुराचे नव्हे. म्हणून निराधारांचे अनुदान आणि अपंगांचे प्रशिक्षण मी याच खात्यात धरते, आणि त्यासाठी कर वाढला तरी देईन.