साथीदाराचें नांव

कलाकृति अनेकांच्या हातून घडावी आणि एकाच्या नांवानें ओळखली जावी, हा व्यवहार जुनाच आहे. त्यांत अन्याय आहे कीं नाहीं, आणि असल्यास तो नेमका कोठें आहे, याचा विचार मात्र क्वचित् होतो.

समजा, मराठवाड्यांतील लोकगीतांचा एक ध्वनिसंच छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, येथें मुद्रित होत आहे. गायक मुंबईहून येतो. ढोलकी, हलगी, संबळ व तुणतुणें वाजविणारे आणि झील धरणारे आसपासच्या गांवांतून येतात. दोन दिवसांत काम संपतें, बिदागी हातीं पडते, मंडळी घरोघर जातात. संच प्रसिद्ध होतो तेव्हां त्यावर गायकाचें, संयोजकाचें व निर्मात्याचें नांव असतें; वादकांची बोळवण 'स्थानिक कलावंत' या दोन शब्दांत होते. येथें कोणी कोणास फसविलें काय?

कोणी म्हणेल, बिदागी ठरली, ती मिळाली, हिशेब मिटला. बैठकीपुरतें हें खरें आहे. परंतु बैठकींत ढोलकी वाजविणारा श्रोत्यांच्या समोर बसलेला असतो. त्याचा चेहरा दिसतो, चांगला तोडा वाजला कीं दाद थेट त्याला पोंचते. ध्वनिमुद्रणानें कान आणि डोळा यांची ताटातूट केली. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां गाणें संपतांच ती आपलें नांव स्वतः उच्चारीत असे. कारण तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होत, आणि तेथील कामगारांना गायिका कोण हें कळावयास दुसरा मार्ग नव्हता. चेहरा हरपला कीं नांवाची गरज उत्पन्न होते, हें त्या काळींच उघड झालें होतें. तें गायिकेच्या बाबतींत ओळखलें गेलें. साथीदाराच्या बाबतींत ओळखावयाचें राहून गेलें.

दुसरा आक्षेप अधिक उदात्त आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं आपलीं नांवें मागें ठेविलीं नाहींत. म्हणून त्यांची कला उणी झाली काय? आक्षेप सुंदर आहे, पण अजिंठ्याच्याच भिंती त्याला पुरता दुजोरा देत नाहींत. सोळाव्या लेण्यांतील शिलालेखांत वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचें नांव आहे; सव्विसाव्या लेण्यांत बुद्धभद्र या भिक्षूचें आहे. म्हणजे नांव कोरण्याची रीत होती, कोरणारी छिन्नीहि होती. नांव तेवढें दात्याचें कोरलें गेलें. नांव स्वतः टाकणें हा त्याग होय, आणि तो वंद्य आहे. पण त्याग दुसऱ्याच्या वतीनें करतां येत नाहीं. ढोलकीवाल्याच्या निरिच्छपणाची स्तुति संचाच्या निर्मात्यानें करावी, यांत फारसें पुण्य नाहीं.

खरी निरिच्छता कशी असते तें पाहावयास दूर जावें लागत नाहीं. पैठणच्या एकनाथांनीं आपल्या अभंगांत नाममुद्रा घातली ती 'एका जनार्दनी' अशी. देवगिरीवर राहिलेल्या आपल्या गुरूचें नांव त्यांनीं आपल्या नांवाशीं कायमचें जोडून दिलें. ज्याच्या आधारानें आपण उभे राहिलों त्याला आपल्या सहींत जागा देणें, याहून मोठें सौजन्य तें कोणतें?

कायद्यानेंहि या दिशेनें पाऊल टाकिलें आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन प्रयोग करणाऱ्या कलावंताला स्वतंत्र हक्क मिळाला. तेथें गायकाबरोबर वादक, डोंबारी आणि गारुडी हेहि मोडतात. २०१२ सालीं त्याला आपली ओळख दिली जाण्याचा नैतिक हक्कहि मिळाला. प्रयोगाच्या वापराच्या पद्धतीमुळेंच उल्लेख गाळावा लागत असेल, तर तेवढी सूट कायदा देतो. परंतु ध्वनिसंचाच्या वेष्टनावर किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर चार नांवें अधिक लिहिण्यास कोणती अडचण आड येते? आणि दूरच्या वादकानें त्यासाठीं न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा तरी कितपत शोभते?

बिदागीनें त्या दोन दिवसांचें मोल दिलें जातें. मुद्रित झालेला ठेका मात्र वादकाच्या पश्चातहि वाजत राहतो. उद्यां त्याचा नातू तोच ठेका कोठें तरी ऐकेल, कदाचित् त्यावर तालहि धरील, आणि तो हात आपल्या आजोबांचा होता हें त्याला कळणार नाहीं. नांव, वाद्य आणि गांव, एवढ्या तीन शब्दांनीं ही हानि टळते. ज्या ऋणाची फेड इतकी स्वस्त असते, तें थकविण्याला सबब उरत नाहीं.